चाकातलं पाणी

खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं, हे तुम्ही कधी स्वतः पाहून ठरवलंय, की कुणी सांगितलं म्हणून मानलंय? उत्तराची घाई करू नका. आमच्या वाडीतली माणसं जन्मभर खाडीच्या काठी राहिली. गंज म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तरीही एका वैशाखात त्यांनी एका परक्या यंत्राच्या चाकांत खारं पाणी ओतायचं जवळजवळ ठरवलं होतं, आणि त्यांच्याकडे त्याची कारणंही होती. कारणं चांगली होती म्हणूनच मला भीती वाटली.

आधी माझ्याविषयी थोडं सांगते. माझा थोरला भाऊ मुंबईला एका छापखान्यात कंपोझिटर होता. शिमग्याला घरी येताना तो ट्रंकेच्या तळाशी रद्दी घालून आणायचा. छपाई बिघडलेली पत्रकं असायची ती. कुठे शाई फुटलेली, कुठे कागद तिरका जाऊन ओळच्या ओळ कापली गेलेली. आये त्यांत मिरच्या आणि मीठ बांधायची, आणि पुड्या सुटल्या की मी त्यांवर वाचायला शिकायची. खोती, संप, अस्पृश्यता, मुलींच्या शाळा, सगळं मी त्या पुड्यांतून वाचलं. 'ज्या दिवशी कुळं एकत्र येतील त्या दिवशी' इथे कागद संपायचा. पुढचं वाक्य मला पुरं करावं लागायचं, आणि मी ते माझ्या मनासारखं करायची. त्यामुळे मोठी झाल्यावरही कुणी अर्ध्यात बोलायचा थांबला की उरलेलं मी बोलून टाकी. फायनल पास झालेली, लग्नाचं नाव काढलं की उठून जाणारी, आणि तोंडाने अशी. वाडीत माझं नाव फारसं चांगलं नव्हतं.

आमची वाडी पूर्णगडाच्या खाडीला लागून. खाडीच्या बाजूला सगळ्यांनी मिळून बांध घालून समुद्राकडून सोडवलेलं खाजण होतं. बांधाची माती कुणब्यांनी वाहिली, मोहल्ल्यातल्या मुसलमानांनी वाहिली आणि महारवाडीनेही वाहिली. खोताने आमच्या वडिलांच्या पिढीला तोंडी शब्द दिला होता, की खाजण पिकतं करा, ते तुमच्याच वहिवाटीत राहील. मग एका उधाणात बांध फुटला आणि भातशेतीत माशांची पिल्लं पोहू लागली. बांध पुन्हा घातला, पाणी सोडायची-अडवायची उघाडी नव्याने बसवली. पण आतली जमीन उन्हाने तापून कौलासारखी कडक झाली होती आणि वर मिठाचा पांढरा पापुद्रा आला होता. तेव्हा खोताचा निरोप आला. येत्या पावसाळ्यात तिथे भात उभं दिसलं नाही, तर जागा मिठागरवाल्याला देणार.

म्हणजे सगळं त्या एका उन्हाळ्यावर आलं. खाऱ्या जमिनीची रीत अशी, की ती पावसाआधी नांगरून ढेकळं उलटी टाकावी लागते. मग पाऊस त्यांतून खाली उतरतो आणि मीठ धुऊन नेतो. न नांगरता पाऊस झाला तर पाणी वरच्या वर वाहून जातं आणि मीठ जिथल्या तिथे राहतं. आमचे बैल लहानखुरे. त्यांना त्या जमिनीवर चालवलं तर खुरांना चिरा पडायच्या, आणि नांगर तर बोटभरही आत शिरत नव्हता.

अशा वेळी ट्रॅक्टर आला. तो आणला मोहल्ल्यातल्या एका तरुणाने. तो मुंबईत मोटारी दुरुस्त करायला शिकला होता आणि आता रत्नागिरीच्या एका शेठकडे ड्रायव्हर होता. शेठने डोंगरमाथ्याच्या सड्यावरच्या जमिनीसाठी विलायती ट्रॅक्टर घेतला होता. ड्रायव्हरने त्याच्या मागे लागून तो आमच्या खाजणासाठी मिळवला. शेठने अट एकच घातली. जसा नेतोस तसा आण. चाकं विलायतेहून येतात, खराब झाली तर दुसरी मिळायची नाहीत, आणि तुझी नोकरीही राहायची नाही.

दोन मचवे एकमेकांना बांधून, त्यांवर फळ्या टाकून, भरतीच्या पाण्यावर तो बंदराला लागला. सगळी वाडी बघायला लोटली. "याला तोंड हाय, पण शेपूट कुठाय?" असं एका म्हातारीने विचारलं, आणि ड्रायव्हरने मागे जोडलेला नांगर दाखवून, "ही काय शेपूट, काकी," म्हटलं, तेव्हा सगळे पोट धरून हसले. ते हसणं तेवढंच. खाजणात उतरल्यावर ट्रॅक्टर घुरघुरला, पण मोठी रबरी चाकं त्या कडक पापुद्र्यावर जागच्या जागी फिरू लागली. फाळ आत जाईना. चाकाखाली पांढरी धूळ उडाली आणि बांधावर उभी असलेली माणसं मागे सरली. खोताचा माणूस काळी छत्री घेऊन तिथेच उभा होता. छत्री एका खांद्यावरून त्याने दुसऱ्या खांद्यावर घेतली.

आम्ही मागच्या बाजूला दगड बांधून पाहिले. ते सुटून पडले. ड्रायव्हर म्हणाला, "वजन वरून लादून उपयोग नाही, चाकातच पाहिजे. मुंबईला एजंटाच्या माणसानं सांगितलं होतं. टायरातली हवा सोडायची आणि आतल्या ट्यूबमध्ये पाणी भरायचं. पार नाही भरायचं, वर थोडी हवा ठेवायची. मग चाक जमीन धरतं."

"हात्तिच्या!" आमचे थोरले गावकार म्हणाले. देवळातला पहिला मान त्यांचा, आणि तरुणपणी ते तांडेल होते, स्वतः मचवा चालवायचे. "पाणीच ना? समोर अख्खी खाडी पसरलीय."

"खारं पाणी नको काका," ड्रायव्हर म्हणाला. "ट्यूब रबराची, पण रिम लोखंडाची. व्हॉल्व्हपाशी जरा झिरपलं की रिम आतून सडायला लागेल."

"अरे पोरा, तुला वजन पाहिजे ना? मंग ऐक. भरलेला मचवा समुद्रातनं खाडीत वर नेला, गोड्या पाण्यात शिरला, की बोटभर खाली बसतो. का बसतो? गोडं पाणी हलकं, खारं जड. खाडीचं जड, मिठागराचं त्याहून जड. जे जड ते चाकात घाल."

बांधावरच्या जुन्या खलाशांनी माना हलवल्या. बोलणं खरं होतं. खारं पाणी जड असतंच. आयुष्यभर समुद्राने शिकवलेली गोष्ट त्यांनी काढली होती, आणि ती त्या जागी चुकीची होती. हे मला कळत होतं, पण दाखवता येत नव्हतं.

"आणि गंज?" मी विचारलं.

गावकारांनी मान वळवली. "गंज कुणाला चुकलाय गो? मचव्याचे खिळे आमी दरसाल बदलतो."

"खिळा बदलता येतो. हे चाक कुठून बदलणार? चाक गंजून परत गेलं तर पुढच्या साली शेठ ट्रॅक्टर देईल? एका नांगरणीनं खाजण गोडं होत नाही, हे तुम्हीच सांगता."

"हे तुझ्या मिरचीच्या पुडीवर छापलंय काय?"

पुन्हा हशा झाला. माझे कान तापले. "नाही छापलेलं," मी म्हटलं, "म्हणूनच करून बघणार आहे. तोवर चाकाला पाण्याचा थेंब लावू नका."

त्यांनी ऐकलं ते माझ्यामुळे नाही. ड्रायव्हर यंत्राची चावी कमरेला बांधून बसला होता म्हणून.

मचवे बांधणाऱ्या सुताराकडून मी एकाच वेळी घडवलेले नवे खिळे आणले. औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुतल्या. एकीत खाडीचं पाणी घातलं, एकीत मिठागराचं, एकीत विहिरीचं. विहिरीच्या पाण्याने दुसरी बाटली भरायला गेले तर आयेने हात धरला.

"घोटभर पाणी नाय घरात आणि तू खिळ्यांना पाजतेस? हवं तर हे घे." तिने धुण्याच्या बादलीतलं राखेचं पाणी पुढे केलं. आम्ही कपडे राखेत भिजवून धुवायचो. मी तेच चौथ्या बाटलीत भरलं, थोडं हट्टानेच. ओटीच्या कोनाड्यात बाटल्या ठेवल्या आणि वाट बघत बसले.

ते वाट बघणं मला अजून आठवतं. ट्रॅक्टर झावळ्यांच्या मांडवाखाली उभा होता. दुपारी खाडीवरून गरम वारा यायचा. संध्याकाळी समुद्राच्या बाजूला ढगांची डोकी दिसायची आणि सकाळी नाहीशी व्हायची. प्रत्येक जण आधी आभाळाकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. खोताचा माणूस रोज बांधावर फेरी मारायचा. ट्रॅक्टरभोवती एक चक्कर घालायचा, चाकाला छत्रीची टोच मारायचा आणि जायचा. ड्रायव्हर मला म्हणाला, "तुमचे खिळे लवकर गंजू द्यात, ताई. नाहीतर आपण दोघंही खाडीत."

खिळे गंजले. मिठागराच्या आणि खाडीच्या पाण्यातल्या खिळ्यांना लाल पापुद्रे सुटले, तळाशी गाळ बसला. विहिरीच्या पाण्यातला नुसता पिवळसर झाला होता. चौथा जसा टाकला तसा निघाला.

बैठक देवळाच्या सभामंडपात भरली. तिथे बायका चढत नाहीत. ड्रायव्हरही मुसलमान म्हणून पायरीखालीच होता. महारवाडीची माणसं त्याहून लांब, पिंपळाखाली उभी होती. मी खिळे ताटलीत घालून वर दिले. ताटली हातोहात फिरली. लाल खिळा गावकारांनी बोटांत धरून दाबला, त्याची साल गळून पडली. त्यांनी बोटं धोतराला पुसली.

"ठीक हाय," ते म्हणाले. "पोरीचं खरं निघालं. खारं नको, गोडं घ्या. उद्या सकाळी विहिरीवरनं पिंपं भरून आणा."

मंडपातून "बरोबर, बरोबर" असा आवाज आला. चौथ्या खिळ्याविषयी मी खालून ओरडले, पण लोक उठलेही होते. मला आनंद झाला होता हे नाकारत नाही. मी जिंकले होते. वाटेत ड्रायव्हर मात्र म्हणाला, "विहिरीला पाणी आहे का पण एवढं?" आणि माझा आनंद तिथेच उतरला.

वैशाखात आमच्या विहिरीचा तळ दिसतो. जांभ्याच्या कपारीतून रात्रभरात जे पाझरतं ते सकाळी ओढायचं. विहिरीला दोन रहाट. एका बाजूने आम्ही, दुसऱ्या बाजूने मोहल्ल्यातल्या बाया. महारवाडीच्या बायांना रहाटाला हात लावायची बंदी. त्या कळश्या मांडून उन्हात बसायच्या, आणि कुणाला दया आली की ती वरून पाणी ओतायची. दोन मोठ्या चाकांना लागणारं पाणी म्हणजे तिन्ही वस्त्यांचं पिण्याचं पाणी होतं, आणि तेही एका दिवसाचं नव्हे.

सकाळी गावकार आणि पुरुष मंडळी बैलगाडीवर पिंपं घालून आली, तेव्हा आये विहिरीच्या काठावर बसलेली होती. रहाटाचा दोर तिने काढून कमरेभोवती गुंडाळला होता. समोरच्या काठावर ड्रायव्हरची आई बसली होती. तिला आम्ही सगळ्या खाला म्हणायचो. तिच्याही कमरेला दोर.

"दोर दे," गावकार म्हणाले.

"कशाला?"

"ठरलंय."

"कुठं ठरलंय?"

"देवळात."

"विहीर हितं हाय," आये म्हणाली.

मागे बाया दाटीने उभ्या राहिल्या. कळश्यांना कळश्या लागत होत्या तेवढाच आवाज. गावकार आवाज चढवून म्हणाले, "वैनी, जमीन गेली तर काय पाणी पिऊन जगशील?"

"आणि पाणी गेलं तर जमीन बघायला कोण उरंल? माझं नातवंड तापानं फणफणलंय. त्याला काय चाक चाटायला देऊ?"

खाला तिकडून म्हणाली, "माझा पोरगा चालवणार हाय ते यंत्र. त्याची नोकरी जाईल हे मला कळत नाय काय? तरी नाय देणार." आणि आपल्या मुलाकडे बघून, "तू पुढं येऊ नको रे. तुझ्या बापालाही दिला नसता."

ड्रायव्हर मान खाली घालून उभा राहिला. मग आयेची नजर माझ्यावर आली.

"आणि तू. तूच ना ताटलीत खिळे घेऊन मिरवत गेलीस?"

"गोड्या पाण्यात गंज कमी, एवढंच मी म्हटलं. तुमचं पाणी घ्या असं कुठे म्हटलं?"

"मंग गोडं पाणी काय आभाळात लटकत होतं? खिळ्याची काळजी केलीस, घशाची कधी करणार?"

मला राग आला होता, पण कुणाचा ते ठरत नव्हतं. पुरावा माझा होता आणि ठराव त्यांचा. मी दाखवलं ते सगळं त्यांनी पाहिलंही नव्हतं. मी पदराच्या टोकाला बांधलेला चौथा खिळा सोडला आणि ड्रायव्हरच्या हातावर ठेवला.

"हा राखेच्या पाण्यातला. धुण्याच्या. आयेनेच दिलेलं पाणी."

त्याने खिळा उन्हात धरला, अंगठ्याने घासला. "हा तर नवाच आहे."

"नवा नाही. त्यांच्याबरोबरच टाकलेला."

"धुण्याचं पाणी?" गावकार म्हणाले. "चाकात? बायकांच्या लुगड्यांचं?"

"पुरुषांच्या धोतरांचंही असतं त्यात," बायांतून कुणीतरी म्हणालं, आणि त्या तंग घटकेतही हसू फुटलं.

ड्रायव्हर हसला नाही. "काका, वजन पाण्याचं. ते प्यायलेलं की धुतलेलं, चाकाला फरक नाही. फक्त गाळून पाहिजे. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला तर मी मेलो."

आये कमरेचा दोर न सोडताच विचार करत होती. धुणं तर दर घरात होतंच, आणि ते पाणी परसातल्या माडांच्या मुळात जायचं. "माडाला थोडे दिवस नाय मिळालं तर माड मरत नाय," ती शेवटी म्हणाली. "धुण्याचं न्या, न्हाणीतलं न्या. राख आमी घालू. पण विहिरीतली एक कळशी नाय. कबूल?"

गावकारांनी आभाळाकडे पाहिलं. मग मान हलवली.

बांधाजवळ जांभ्याचे चिरे रचून त्यावर पिंप चढवलं. पिंपाच्या तोंडावर जुन्या लुगड्याच्या घड्या बांधल्या. बाया वापरलेलं पाणी घेऊन येऊ लागल्या, आणि मी दारावरच्या पहारेकऱ्यासारखी उभी. मासळी धुतलेलं पाणी नको, त्यात मीठ. चिंचेने भांडी घासलेलं नको, तेही लोखंड खातं. वास घेऊन, बोट बुडवून मी एकेक भांडं आत सोडत होते.

"ह्याला बोंबलाचा वास येतोय!"

"तुझ्या चाकाला नाक हाय काय गो?"

"चाकाला नाही, मला आहे. परत न्या."

"अगो, ही सासू झाली की हिच्या सुनेचं काय व्हायचं!"

हे चाललं असताना महारवाडीतली एक बाई डोक्यावर मडकं घेऊन आली आणि पिंपाजवळ थांबली. मी बाजूला सरले. पण लुगड्याची झोळी धरून उभी होती माझी आये, आणि तिचे हात थांबले. गर्दी आपोआप मागे झाली.

गावकार म्हणाले, "हे नको. ह्या शेतातलं नवं भात देवाला दाखवायचं असतं. सगळ्यांच्या अंगाधुण्याचं पाणी एकात कालवलंत, ते एक झालं. पण हे नको. निदान देवाला कौल तरी लावायला हवा."

मी तोंड उघडलं. पत्रकांतली सगळी वाक्यं जिभेवर आली होती. पण ती बाई माझ्याआधी बोलली, आणि माझ्याशी नाही, आयेशी.

"आमचं पानी नको, तर नको. मी घरी जाते. पन बांधाला आमी घातलेली माती आदी काढून द्या. ती तुमाला कशी चालली?"

माती काढली तर बांध राहत नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. मी आयेकडे बघत होते. तिला माझा विहिरीवरचा राग चालला असता, पण त्या क्षणी तिचं मागे सरणं मला चाललं नसतं, आणि ते ती ओळखून होती. तिने झोळी बाईच्या मडक्याखाली सरकवली. "वत," एवढंच म्हणाली. तिच्या ओठांची कड पांढरी पडली होती. ती मोठ्या मनाने वागली असं मी लिहिणार नाही. तिला ते जड गेलं, आणि तिने केलं.

खाला मोठ्याने म्हणाली, "गावकार, देवाला खुशाल इचारा. पन उत्तर पावसाआदी आना हां."

गावकार बांधावर जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. कौल लावायला मात्र गेले नाहीत.

पाणी जमायला काही दिवस लागले. पुरेसं झाल्यावर ड्रायव्हरने जॅक लावून चाक उचललं, व्हॉल्व्ह वरच्या अंगाला येईल असं फिरवलं आणि नळी जोडली. पाणी आत जाताना हवा गुळगुळ करत बाहेर यायची. तो टायरावर कान ठेवून ऐकत होता. दुसऱ्या चाकाच्या व्हॉल्व्हपाशी थेंब दिसला. त्याने आटे घट्ट केले, पुसलं, पाहिलं, पुन्हा पुसलं. थेंब परत आला, अगदी सावकाश. "एवढ्याला काही इलाज नाही," तो म्हणाला. "रोज पुसत राहीन."

मग त्याने ट्रॅक्टर खाजणात घातला. चाक एकदा घसरलं. बांधावर कुणीतरी "गेलं" म्हणालं. पुढच्या क्षणाला रबराच्या खाचांनी पापुद्रा पकडला, नांगराला हिसका बसला आणि फाळ आत गेला. काळी ओली माती वर आली. तिचा वास थेट आमच्यापर्यंत आला, सडलेल्या शेवाळाचा. एरवी नाक धरलं असतं. खोताच्या माणसाने छत्री मिटली आणि निघून गेला.

ढग किनाऱ्याला टेकायच्या आत खाजण नांगरून झालं. शेठचा मुनीम यंत्र तपासायला आला तेव्हा ड्रायव्हरने त्याच्यासमोर पाणी सोडलं, एका बाजूने टायर उकलून रिम दाखवली. मुनीम चष्मा कपाळावर चढवून वाकला. व्हॉल्व्हच्या भोकाशी पिवळट रेघ होती, जिथे थेंब झिरपत होता तिथे. त्याने नखाने खरवडली. खाली लोखंड धड होतं.

"हे पाणी कसलं?" त्याने वास घेत विचारलं.

"गावचं," ड्रायव्हर म्हणाला.

त्याची नोकरी राहिली. दुसऱ्या साली शेठने ट्रॅक्टर पुन्हा दिला. पहिल्या वर्षी अर्ध्याहून अधिक रोपं मिठाने जळून पांढरी पडली, पण उरलेली उभी राहिली. खोत स्वतः होडीतून आला, उघाडीपाशी उतरला, आणि एक लोंबी तोडून दातांखाली धरली. मिठागराचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

इथे थांबले असते तर ही गोष्ट सुखाची झाली असती. पण पुढच्या वैशाखात उघाडीच्या बांधकामाचा चुना मळायला पाणी हवं होतं. बैठक पुन्हा सभामंडपात भरली. आम्ही पुन्हा पायरीखाली, महारवाडी पुन्हा पिंपळाखाली. 'विहिरीवरनं घ्या' असं ठरलं, आणि आयेला ते सकाळी काठावर कळलं. तिने पुन्हा दोर काढून कमरेला बांधला. या वेळी ती माझ्यावर रागावली नाही, नुसती दमलेली दिसली. बाईने दरसाल कमरेला दोर बांधून बसावं तेव्हाच तिचं ऐकायचं, ही रीत मला मान्य नाही. आणि महारवाडीतल्या त्या बाईला तर बांधायला दोरही नव्हता.

म्हणून वाचणाऱ्यांना माझं मागणं आहे. तुम्ही गावकार असाल, मोहल्ल्याचे मुखत्यार असाल, मास्तर असाल, नाहीतर नुसते बैठकीत मान हलवणारे असाल. यंदा तुमच्या गावात पाण्याविषयी काही ठरवायचं असेल, तर ते देवळात, मशिदीत किंवा चावडीवर ठरवू नका. सकाळी विहिरीवर जा. पाणी ओढणाऱ्या सगळ्या बायांना काठावर बसवा, त्यांचं बोलणं संपेपर्यंत गप्प राहा. आणि ज्यांना तुम्ही उन्हात कळश्या मांडून बसवता, त्यांच्या हातात त्याच सकाळी रहाटाचा दोर द्या.